हप्ते भरत होतो, तरी गाडी ओढून नेली

मे २०२४. पहाटे साडेचार वाजता नारायणगावहून टोमॅटोचे ६० क्रेट भरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघालो होतो. राजगुरुनगरच्या अलीकडे दोन मोटारसायकली आडव्या आल्या. चौघे उतरले. एकानं गाडीचा नंबर मोबाइलवर ताडून पाहिला आणि म्हणाला, "पाच हप्ते थकलेत. गाडी फायनान्स कंपनीच्या यार्डात लावावी लागेल."

मी म्हटलं, काहीतरी चूक होतेय, हप्ता मी दर महिन्याच्या पाच तारखेला देतो. सातही महिने पैसे पाठवल्याचे मेसेज त्यांना दाखवले. त्यानं ते नीट वाचले आणि विचारलं, "हे पैसे पाठवले कुणाला?"

पाठवले होते गाडीच्या मालकाला. माझ्या मेहुण्याच्या ओळखीचा माणूस. २०२३ च्या दसऱ्याला त्याच्याकडून हा छोटा हत्ती टेम्पो घेतला. गाडीवर फायनान्सचं कर्ज होतं, अडीच वर्षांचे हप्ते बाकी होते. १,३०,००० रोख दिले आणि राहिलेले ११,४०० चे हप्ते मी भरायचे, असं ठरलं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली. कर्ज फिटलं की गाडी माझ्या नावावर. आमच्या भागात असे व्यवहार कितीतरी होतात, त्यामुळे मनात शंका आली नाही.

तो म्हणाला होता, "दादा, माझ्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो. तुम्ही पैसे माझ्याकडं टाकत जा, कंपनीच्या चकरा कशाला मारताय?" मला ते सोयीचं वाटलं. पुढं कळलं ते असं: नोव्हेंबर आणि डिसेंबरचा हप्ता त्यानं कंपनीला जाऊ दिला. जानेवारीपासून माझे पैसे जमा झाले की त्याच दिवशी तो ते काढून घ्यायचा, खातं रिकामं राहायचं आणि हप्ता बाउन्स व्हायचा. कंपनीच्या नोटिसा त्याच्या पत्त्यावर, फोन त्याच्या नंबरवर. मला पाच महिने कशाचाही पत्ता नाही.

त्या चौघांनी शिवीगाळ केली नाही, हे खरं आहे ते सांगितलं पाहिजे. ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवलं, माल दुसऱ्या गाडीत भरू दिला. ते भाडं अर्थात माझ्याच खिशातून गेलं. गुंड पाठवून, दमदाटी करून वाहन ओढणं चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच म्हटलंय. म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी पत्र मागा, आणि गाडीत काय काय आहे त्याची यादी लिहून त्यावर त्यांची सही घ्या. मी घेतली नाही. मागच्या महिन्यात टाकलेले १४,००० चे चार टायर, ताडपत्री, जॅक, सगळं गाडीबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी फायनान्सच्या ऑफिसात नोटरीचा कागद घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी तो वाचून परत दिला. करार कर्जदाराशी आहे, तुमच्याशी नाही. उलट त्यांच्या करारात कलमच होतं की परवानगीशिवाय गाडी दुसऱ्याला देता येणार नाही. थकबाकी मी भरतो म्हटलं, तरी गाडी सोडवायला सही कर्जदाराचीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे लिलावाआधी पैसे भरायची शेवटची संधी देतात, पण तीही कर्जदाराला. तो फोन उचलेना. जुलैत लिलाव झाला. कर्ज वजा जाऊन काही उरलं असेल तर तेही त्याचंच. माझे रोख आणि हप्ते मिळून २,०९,८०० गेले, टायर वेगळे.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. वकिलांच्या सल्ल्यानं मी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिलाय. व्यवहार २०२३ चा, नवा फौजदारी कायदा यायच्या आधीचा, म्हणून फसवणुकीचं जुनं ४२० कलमच मागितलंय.

आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव होतं, ते मी वाचलंही होतं. त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ आरटीओत जाऊन गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरेपर्यंत गाडी कुणाच्याही नोटरीनं माझी होत नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तरी बोजा दिसतो. आणि असा व्यवहार करून गाडी देणाऱ्यांनीही ऐका: आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल तसाच आहे.

गेल्या आठवड्यात गावातला एक पोरगा असाच पिकअप घ्यायला निघाला होता. त्याला आणि मालकाला बरोबर घेऊन मी कंपनीत गेलो, मालकाच्या सहीनं कर्जखात्याचा उतारा काढायला लावला. तीन हप्ते थकलेले निघाले. पोराच्या वडिलांनी तिथंच सांगितलं, आधी कर्ज बंद करून एनओसी आणा, पैसे कंपनीच्या काउंटरवर भरू, हातात देणार नाही. मालक विचार करून सांगतो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.