सणाची खरेदी: स्वतंत्र दुकान, साखळी दालन की ऑनलाइन बाजारपेठ?

सणाआधीचे पाच-सहा आठवडे छोट्या दुकानदाराच्या वर्षभराच्या हिशेबात फार मोलाचे असतात. माल दोन-तीन महिने आधीच उधारीवर किंवा कर्ज काढून भरलेला असतो, गर्दीसाठी जास्तीचा माणूस ठेवलेला असतो, आणि सण उलटला की उरलेला माल पडत्या भावाने काढावा लागतो. म्हणूनच यंदाची खरेदी शक्यतो स्वतंत्र दुकानांतून करावी, असे अनेकांच्या मनात येते. विचार चांगला आहे. परंतु भेटवस्तूंची यादी पुढ्यात घेऊन बसल्यावर किंमत, वेळ, वस्तू बदलून मिळण्याची शक्यता असे प्रश्न एकेक करून उभे राहतात आणि त्यांची उत्तरे वस्तूगणिक बदलतात. एका वर्षी मी सगळी यादी स्वतंत्र दुकानांतूनच पुरी करण्याचा हट्ट धरला होता. त्यातील निम्म्या वस्तू फार चांगल्या मिळाल्या. उरलेल्या निम्म्यांसाठी दुकानदाराचाही वेळ गेला आणि माझाही. तेव्हापासून ‘कोणते दुकान चांगले’ हा प्रश्न मी सोडून दिला आणि ‘कोणती वस्तू कुठून’ असा विचार करू लागलो. पुढील तुलना त्याच अंगाने केली आहे.

काय विकायचे, कोणत्या भावाने विकायचे आणि माल कोणाकडून घ्यायचा, हे जिथे मालक स्वतः ठरवतो ते स्वतंत्र दुकान. साखळी दालनात हेच निर्णय मुख्यालयात होतात. ऑनलाइन बाजारपेठ ही बहुधा स्वतः विकण्याबरोबरच हजारो विक्रेत्यांना जागा देणारी मंडई असते. दुकान घराजवळ आहे एवढ्यावरून ते स्वतंत्र ठरत नाही, हे येथे सांगून ठेवलेले बरे. फ्रँचायझी घेतलेल्या दुकानाचा मालक शेजारचाच असू शकतो, पण नावाच्या वापराबद्दल ठरलेला वाटा मूळ कंपनीकडे जातो आणि फळीवर काय ठेवायचे हेही पुष्कळदा तीच सांगते.

किंमतीच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. कारखान्यात बनलेल्या, खोक्यात बंद आणि सर्वत्र एकसारख्या असलेल्या वस्तूंत स्वतंत्र दुकान सहसा महाग पडते, कारण त्याची घाऊक खरेदी लहान असते आणि त्याला मिळणारी सूटही लहान असते. ही तफावत मान्य करूनच पुढे जावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: सेलमधील सवलतीचा टक्का ज्या मूळ किमतीवर दाखवलेला असतो, ती किंमत खरोखरच कधी आकारली गेली होती का, हे तपासल्याशिवाय तुलना करू नये.

खरा विचार करण्यासारखा मुद्दा आहे तो खर्च केलेला पैसा कुठे जातो हा. याबाबत दोन अमेरिकी अभ्यासांचा वारंवार हवाला दिला जातो आणि दोन्ही ‘सिव्हिक इकॉनॉमिक्स’ या संस्थेचे आहेत. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात एक मोठे साखळी पुस्तक-दालन येऊ घातले असताना २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात, ग्राहकाने खर्च केलेल्या १०० डॉलरपैकी साखळी दालनाच्या बाबतीत १३ डॉलर, तर स्थानिक दुकानांच्या बाबतीत ४५ डॉलर शहराच्या अर्थव्यवहारात फिरतात, असे आढळले. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात हेच आकडे अनुक्रमे ४३ आणि ६८ असे निघाले. यामागचे कारण गूढ नाही. स्वतंत्र दुकानाचा नफा मालकाच्या घरखर्चात जातो. त्याचा हिशेबनीस, पाटी रंगवणारा, पिशव्या छापणारा, दुरुस्तीला येणारा असे सगळे आसपासचे असतात. साखळी दालनात यांतील बहुतेक कामे एकाच ठिकाणाहून सर्व शाखांसाठी उरकली जातात.

हे आकडे उद्धृत करणारे लोक एक गोष्ट मात्र सोडून देतात. दोन अभ्यासांतील आकड्यांत एवढे अंतर आहे, यावरूनच लक्षात यावे की कोणताही एक आकडा सर्व वस्तूंना लावता येणार नाही. दूरच्या कारखान्यात बनलेल्या मोबाइल फोनच्या किमतीतील फार मोठा भाग उत्पादकाकडे आणि वितरकाकडे जातो. तो कोणत्याही दुकानातून घेतला तरी दुकानदाराच्या हाती राहते ते त्याचे पातळ मार्जिन. याउलट त्याच गावातील कारागिराने घडवलेले भांडे, शिवलेले वस्त्र किंवा बांधलेली वही घेतली तर दुकानदाराबरोबर कारागिरालाही पैसे मिळतात. स्वतंत्र व्यवसायांना हातभार लावण्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढली असेल, तर ती अशा वस्तूंवर खर्च केल्यास तिचा उपयोग अधिक होतो. फोन साखळी दालनातून घेतला म्हणून मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

‘ऑनलाइन विरुद्ध छोटे’ ही विभागणीही वाटते तितकी स्वच्छ नाही. ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नगांपैकी निम्म्याहून अधिक नग अन्य विक्रेत्यांचे असतात, आणि त्यांत घरगुती उद्योगही असतात, तसेच मोठमोठे व्यापारीही. हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेने एप्रिल २०२२ मध्ये व्यवहार शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केले. हे शुल्क वस्तूच्या किमतीबरोबरच पाठवणीच्या खर्चावर आणि भेटवस्तूच्या वेष्टनासाठी घेतलेल्या रकमेवरही लागते. पैसे स्वीकारण्याचा आकार आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच. त्यामुळे एखादा कारागीर तेथे सापडला आणि त्याची स्वतःची वेबसाइट किंवा थेट मागणी नोंदवण्याची सोय असेल, तर तीच वस्तू त्याच्याकडून थेट घेणे त्याच्या अधिक फायद्याचे ठरते. अर्थात बाजारपेठेकडून मिळणारे तक्रार-निवारणाचे संरक्षण तेव्हा मिळत नाही, म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून पहिली खरेदी लहान ठेवावी. मधला मार्गही आहे. २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बुकशॉप डॉट ऑर्ग’वर एखाद्या स्वतंत्र पुस्तक-दुकानाच्या पानावरून पुस्तक मागवले, तर छापील किमतीच्या ३० टक्के रक्कम त्या दुकानाला मिळते आणि साठा, बांधणी, पाठवणी यांची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते: छोट्या दुकानांसाठी सणाच्या हंगामात पाळला जाणारा ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ हा दिवस २०१० मध्ये सुरू केला तो अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने, आणि कार्डावरील शुल्क ही तर छोट्या दुकानदारांची जुनीच तक्रार. बिल लहान असेल तेव्हा रोख किंवा कमी शुल्काचा मार्ग कोणता, एवढे दुकानदाराला विचारले तरी पुरते.

आता स्वतंत्र दुकान जिथे स्पष्टपणे सरस ठरते ती बाजू पाहू. फाउंटन पेन भेट द्यायचे आहे असे समजा. चांगला पेनवाला आधी किंमत विचारत नाही. पेन कोणासाठी, ती व्यक्ती डावखुरी आहे का, लिहिताना जोर देते का, कागद कोणता वापरते, हे विचारतो. मग दोन-तीन निबा शाईत बुडवून कोरा कागद पुढे सरकवतो आणि बाजूला उभा राहतो. जपानी उत्पादकांची ‘फाइन’ निब युरोपीय उत्पादकांच्या ‘फाइन’पेक्षा सहसा बारीक उमटते, ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते, ती कागदावर दोन ओळी ओढल्या की कळते. डावखुरा माणूस निब पुढे ढकलत लिहितो, त्यामुळे फार अणकुचीदार निब कागदात रुतते, हेही तेथेच समजते. चष्म्याची चौकट, चालण्याचे बूट, वाद्य, लहान मुलाच्या वयाला साजेसे पुस्तक अशा सर्व वस्तूंत हेच घडते. या सल्ल्याचे बिल वेगळे दिले जात नाही. तो किमतीतील फरकातच येतो. म्हणून अर्धा तास सल्ला घेऊन, किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढून, दाराबाहेर पडताच तीच वस्तू ऑनलाइन मागवणे हा सगळ्यांत वाईट पर्याय होय. त्यापेक्षा सरळ ऑनलाइन घ्यावे. निदान दुकानदाराचा ऐन गर्दीतील अर्धा तास तरी वाचतो.

वस्तू परत करण्याच्या बाबतीत चित्र उलटे आहे. युरोपीय संघात दूरस्थ खरेदीसाठी, म्हणजे ऑनलाइन किंवा फोनवरून केलेल्या खरेदीसाठी, कारण न देता १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क २०११ च्या ग्राहक-हक्क निर्देशाने दिला आहे. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही. साखळी दालने स्वतःहून उदार मुदत देतात. छोट्या दुकानात हे सारे मालकाच्या धोरणावर चालते: काही जण हसतमुखाने बदलून देतात, तर काही जण भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतात. घेतानाच विचारावे आणि ‘सणानंतर अमुक तारखेपर्यंत बदलून मिळेल’ असे बिलावर लिहून घ्यावे. यात संकोचण्यासारखे काही नाही. नाव कोरून किंवा मापाने बनवून घेतलेल्या वस्तूला मात्र वरील युरोपीय नियमातूनही वगळलेले आहे, त्यामुळे स्पेलिंग आणि माप दोनदा तपासलेले बरे.

काय घ्यावे ते सुचत नसेल तर गिफ्ट कार्ड हा पर्याय पुढे येतो. दुकानदाराच्या हाती पैसे आधी येतात आणि वस्तू नंतर जाते, म्हणून तंगीच्या दिवसांत त्याला ते सोयीचे असते. मात्र दुकान बंद पडले तर ज्यांचे दुकानाकडून पैसे येणे असतात त्यांच्या रांगेत कार्डधारक जवळजवळ शेवटी उभा राहतो. हा धोका फक्त छोट्या दुकानांचा नाही: ब्रिटनमधील एचएमव्ही ही मोठी साखळी जानेवारी २०१३ मध्ये देणी भागवता न आल्याने प्रशासकांच्या ताब्यात गेली, तेव्हा तिची गिफ्ट कार्डे सुरुवातीला नाकारली गेली आणि काही दिवसांनी पुन्हा स्वीकारली गेली. कार्ड कोणाचेही असो, ते लवकर वापरायला सांगावे.

शेवटी निर्णयावर सर्वाधिक परिणाम करते ती वेळ, आणि माझ्या मते बहुतेकांचे येथेच चुकते. छोट्या दुकानात एका रंगाचे किंवा मापाचे दोन-तीनच नग असतात. सणाला चार दिवस उरले असता हवी ती वस्तू मागणारा ग्राहक आला, तर दुकानदार मागण्यांची वही उघडतो, पानावरची नावे मोजतो आणि मान हलवतो. घाऊक व्यापाऱ्याची गाडी आता येणार नसते. हाच ग्राहक चार आठवडे आधी येऊन थोडी आगाऊ रक्कम देऊन गेला असता, तर वस्तू आली असती आणि नक्की खपणाऱ्या मालासाठी दुकानदाराला स्वतःची रक्कमही अडकवावी लागली नसती. म्हणून हाताशी महिनाभर असेल तर निवडून, जोखून, बनवून घ्यायच्या सगळ्या वस्तू स्वतंत्र दुकानांकडे आणि कारागिरांकडे आधी नोंदवाव्यात. एकसारख्या, खोक्यातल्या वस्तू जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्याव्यात. दूरगावी पाठवायच्या भेटींसाठी ऑनलाइन बाजारपेठ वापरावी, पण छोटे दुकान पाठवणीची सोय देते का, हे त्याआधी फोन करून विचारावे. हाताशी दोनच दिवस असतील तर छोट्या दुकानात जे प्रत्यक्ष फळीवर आहे त्यातूनच निवडावे. तेथे नसलेल्या वस्तूचा आग्रह धरण्यात दोघांचाही वेळ जातो.

यादीतील ज्या भेटी सणालाच दिल्या पाहिजेत असे नाही, उदाहरणार्थ दोन महिन्यांनी येणारा एखाद्याचा वाढदिवस, त्यांची खरेदी मी हल्ली सण संपल्यानंतरच्या मंदीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवतो. तेव्हा दुकानात गर्दी नसते, पेनवाल्याकडे निब घासून गुळगुळीत करून द्यायला वेळ असतो, आणि घाऊक व्यापाऱ्याची बिले नेमकी त्याच सुमारास चुकती करायची असतात.