बडोद्यातील ग्राफिक डिझाइनचा सायंवर्ग: एका पत्रिकावाल्याचा अभिप्राय

दांडिया बाजारात आमचे लग्नपत्रिकांचे छोटे दुकान आहे. मजकूर कधी मराठी, कधी गुजराती आणि बहुतेक वेळा दोन्ही भाषांत असतो. मांडणीसाठी दरवेळी दुसऱ्याच्या दारी जाण्याचा कंटाळा आल्याने मी गेल्या वर्षी शहरातील एका कम्युनिटी कॉलेजच्या ग्राफिक डिझाइनच्या एक वर्षाच्या सायंवर्गात नाव घातले. सयाजीराव महाराजांचे कलाभवन १८९० साली ज्या गावात उघडले आणि १९५० पासून ज्याच्या विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा आहे, त्या गावात पदवीची चार वर्षे देण्याचे वय किंवा सवड नसलेल्या धंदेवाईकांनाही शिकण्याची सोय हवीच.

पहिले काही आठवडे संगणकाला हात लावू दिला नाही. काळ्या कागदातून अक्षरे कापायची, ती पांढऱ्या कागदावर मांडायची आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा डोळ्याला समान दिसेपर्यंत सरकवायची, एवढेच काम होते. वर्गातली तरुण मुले कुरकुरत होती, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांच्यात होतो. पण आज पत्रिकेतील नावे जरा जरी दाटीवाटीने बसली तरी ती मला खुपतात, याचे श्रेय त्या कात्रीला आहे.

या वर्गाची खरी कमाई म्हणजे छपाईपूर्व तयारीचे धडे. पडद्यावर झळझळणारा पोपटी रंग चार शाईंच्या छपाईत मळकट का उतरतो, कटिंगमध्ये कागद थोडा सरकला तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा छापील भाग, का सोडायचे, बारीक मजकूर चारही रंगांत न छापता केवळ काळ्या शाईत का ठेवायचा, हे शिक्षकांनी प्रत्यक्ष छापखान्यात नेऊन, बिघडलेले कागद समोर ठेवून समजावले. चार शाईंच्या चार प्लेटांची जुळणी केसभर जरी चुकली तरी बारीक अक्षराभोवती रंगीत सावली उठते, हे तिथे भिंग लावून पाहिले. अशाच रंगीत सावलीची एक पत्रिका आम्ही पूर्वी गिऱ्हाइकाच्या हाती दिली होती आणि दोष छापखान्याला लावला होता.

माझी तक्रार लिपीबाबत आहे, आणि ती किरकोळ नाही. सगळे धडे रोमन अक्षरांवर बेतलेले आहेत. शीर्षकातील अक्षरे जरा विरळ करावीत, हा तिथला नियम मी इमानेइतबारे ‘निमंत्रण’ या शब्दाला लावला आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. गुजरातीला शिरोरेषाच नाही. त्यामुळे एकाच मापाच्या मराठी आणि गुजराती ओळी शेजारी ठेवल्या तर त्या सारख्या वजनाच्या दिसत नाहीत आणि प्रत्येक वेळी नजरेने जुळवाव्या लागतात, याविषयी वर्षभरात कोणी चकार शब्द काढला नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श ही खास मराठी वळणे मिळवायला, ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तिथे मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते, हेही मला बाहेरच कळले. गुजराती आणि मराठी पाट्यांनी भरलेल्या बाजारपेठेच्या गावातील वर्गाने असे करावे, याचे आश्चर्य वाटते.

प्रयोगशाळेतील संगणक जुने पण चालते आहेत. शिक्षक शंका ऐकून घेतात. नोकरीच्या आश्वासनांवर मात्र विसंबू नये; आमच्या तुकडीत ज्यांना काम मिळाले, त्यांना ते स्वतःच्या ओळखीनेच मिळाले.

ज्यांच्या हाती आधीपासून छपाईचे, पाट्यांचे किंवा जाहिरातींचे काम आहे त्यांनी हा वर्ग जरूर करावा. प्रवेश घेताना मात्र देवनागरी आणि गुजरातीचे किती तास आहेत, हे कार्यालयात विचारावे. पुढल्या तुकडीला या दोन लिपींचे काही तास असावेत, असा लेखी अर्ज मी दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.