लो-टेंपरेचर डायलेक्ट्रिक मेजरमेंट सर्व्हिस: मशीन झकास, पण रिपोर्टचं पहिलं पान डोळे झाकून घेऊ नका

पाचपैकी साडेतीन स्टार. एक कापला रिपोर्टच्या पहिल्या पानासाठी आणि अर्धा पॅकिंगसाठी. लॅबचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि अशी पहिली पानं बऱ्याच ठिकाणी निघतात.

आमच्याकडे मॅग्नेटिक फील्ड लावून डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (मटेरियल विजेचा चार्ज किती साठवतं त्याचा आकडा) मोजायची सोय नाही, म्हणून पैसे भरून दोन पेलेट (पावडर दाबून भाजलेल्या चकत्या) पाठवल्या. एक साधं टर्बियम मँगनाइट आणि दुसऱ्यात टर्बियमच्या १० टक्के जागी कॅल्शियम. खरं काम दुसरीचंच होतं, पण साधी मुद्दाम सोबत धाडली कारण तिचं उत्तर आधीच माहीत आहे. ४१ केल्विनच्या आसपास मँगनीजचे स्पिन शिस्तीत येतात आणि २७-२८ केल्विनला त्या शिस्तीला पीळ पडतो, सायक्लॉइड म्हणतात तो, आणि त्या पिळातूनच पोलरायझेशन (आतले + आणि - चार्ज जरा बाजूला सरकणं) उभं राहतं (किमुरा आणि मंडळींनी २००३ मध्ये दाखवलेलं). म्हणजे तिथे डायलेक्ट्रिक कॉन्स्टंटच्या ग्राफला पीक (टोक) दिसलं नाही तर सरळ समजायचं की मशीन किंवा माणूस, कोणीतरी गंडलंय.

पीक आलं! छोटंसं, पण २७ च्या जवळच, आणि १ किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सीला एकाच जागी, जराही हललं नाही. थंड करतानाची आणि गरम करतानाची लाइन जवळपास एकावर एक, म्हणजे प्रत्येक तापमानाला थांबून, सॅम्पल स्थिर होऊ देऊन मोजलंय, घाईत खाली ओढत नेलेलं नाही. ह्याचं कौतुक का, तर माझी पेलेट ८ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाड, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट २० धरला तर कपॅसिटन्स येते जेमतेम ९ पिकोफॅरड. आणि साधी कोॲक्स केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास खाते! शिल्डिंग आणि ओपन-शॉर्ट करेक्शन (केबलचा स्वतःचा वाटा वजा करणं) नीट नसेल तर तुम्ही सॅम्पल नाही, केबल मोजताय. इथे ते व्यवस्थित होतं, मानलं.

आता दुसरी पेलेट. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'स्ट्राँग मॅग्नेटोडायलेक्ट्रिक कपलिंग', म्हणजे मटेरियलचं चुंबकत्व आणि डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट एकमेकांना घट्ट बांधलेले, खाली एकच ग्राफ, एकच फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झ, डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट हजारांत आणि फील्ड लावलं की चांगलाच खाली येतोय. पाहून मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. गाइडना फोन करायला उचलला पण होता. मग टॅन डेल्टाचा (साठवलेल्याच्या तुलनेत वाया किती जातं त्याचा) कॉलम बघितला तर तिथे आकडा १ च्या वर, म्हणजे साठतंय त्यापेक्षा गळतंय जास्त. फोन ठेवला.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. टर्बियम +३, कॅल्शियम +२, त्यामुळे चार्जचा हिशोब जुळवायला काही मँगनीजला +३ वरून +४ व्हावं लागतं, आणि मग इलेक्ट्रॉन एका मँगनीजवरून दुसऱ्यावर ऑक्सिजनमार्गे उड्या मारायला लागतो, सॅम्पल लीकी होतं. पेलेटमधला दाणा थोडाफार वाहक, दाण्यांमधली सीमा बऱ्यापैकी इन्सुलेटर, चार्ज सीमेवर येऊन तुंबतो आणि मीटरला वाटतं केवढा मोठा कपॅसिटर लावलाय. हा मॅक्सवेल-वॅग्नर प्रकार. आता फील्डने फक्त रेझिस्टन्स बदलला, जो मँगनाइटमध्ये बदलतोच, तरी मोजलेला डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट बदलतो, कपलिंग शून्य असलं तरी! कॅटालान नावाच्या संशोधकांनी २००६ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, आणि मोजमापाची सर्व्हिस विकणाऱ्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, कस्टमर खूश व्हावा म्हणून पहिलं पान असं सजवतात इतकंच.

मेल केला, सगळ्या फ्रिक्वेन्सींचा रॉ डेटा द्या म्हटलं. ऑपरेटर मॅडमनी त्याच दिवशी पाठवला, वर प्रेमाने विचारलं की इम्पिडन्स प्लॉट (फ्रिक्वेन्सीगणिक सॅम्पलचा विजेला होणारा अडथळा दाखवणारे ग्राफ) पण हवेत का. म्हटलं हवेतच! उघडले तर डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट जिथे हजारांवर चढतो ती पायरी फ्रिक्वेन्सीबरोबर सरकतेय, जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकी जास्त तापमानाला, आणि खाली कमी तापमानाला जिथे इलेक्ट्रॉनच्या उड्या गोठतात तिथे सगळ्या लाइन विशीच्या आसपास येऊन बसतात. प्लॉटमध्ये दोन अर्धवर्तुळं, एक दाण्याचं एक सीमेचं, आणि फील्ड लावलं की आकसतंय ते सीमेचं. हजारांचा आकडा सीमेचा निघाला, माझ्या मटेरियलचा नाही.

४२ केल्विनजवळ ग्राफमध्ये एक छोटी घडी होती, ती रिपोर्टमध्ये 'मॅग्नेटिक ट्रान्झिशन' म्हणून दिलीय. ह्यात मात्र त्यांची चूक नाही, माझी आहे. माझ्या एक्स-रे पॅटर्नमध्ये मँगनीज ऑक्साइडची, म्हणजे एमएन-थ्री-ओ-फोरची, एक बारीक लाइन होती जी मी बॅकग्राउंड म्हणून सोडून दिली, आणि ते ऑक्साइड नेमकं ४२-४३ केल्विनलाच फेरीमॅग्नेटिक (एक प्रकारचं चुंबक) होतं आणि त्याला स्वतःचा मॅग्नेटोडायलेक्ट्रिक इफेक्ट पण असतो. टर्बियम मँगनाइटच्या ४१ च्या एवढं शेजारी की कोण बोलतंय कळतच नाही. परत भाजायला लागणार सगळं.

पॅकिंगचं बोलायचं तर पेलेट परत आली ती साध्या कागदात गुंडाळून, एक कोपरा उडालेला. भिंगाखाली धरली तर इलेक्ट्रोडच्या सिल्व्हर पेस्टचा केसाएवढा ओघळ एका बाजूने कडेवर उतरलेला, दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या अर्ध्या मिलिमीटरवर येऊन थांबलाय. थोडक्यात वाचलो, अजून जरा ओघळला असता तर थेट शॉर्ट. पेस्ट त्यांनी लावली होती. पुढच्या वेळी मी इथूनच गोल्ड स्पटर करून (सोन्याचा पातळ थर देऊन), कडा घासून पाठवणार.

हो, पुढची वेळ आहे. फॉर्मच्या रिमार्क्समध्ये लिहून ठेवलंय: किमान पाच फ्रिक्वेन्सी, प्रत्येक फील्डला टॅन डेल्टा, त्याच फील्डमध्ये डीसी रेझिस्टन्स, आणि एक पेलेट अर्ध्या जाडीची, म्हणजे इलेक्ट्रोडचा खेळ असेल तर तोही उघडा पडेल. मॅडमचं उत्तर आलं, 'सगळं होईल, फक्त थंड करायला हेलियम येऊ द्या.'