नरक्या की अडुळसा?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कोल्हापुरात वनस्पती निवडताना नरक्या आधी मोहात पाडतो. राधानगरीच्या जंगलातल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे रसायन असतं. वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं. पुढे त्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं घडली. पण लाकडासाठी नरक्याची इतकी तोड झालीय की नमुन्यासाठीसुद्धा फांदी तोडताना माझा जीव तुटतो. शिवाय अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवीच.

अडुळसा बांधावर, कुंपणाला मिळतो. पानं खुडली की पुन्हा फुटतात, म्हणून पानांतल्या व्हॅसिसिन या औषधी रसायनाची उन्हाळा-पावसाळ्यातली तुलना एकाच झुडपावर करता येते. खोकल्यावरचं ब्रोमहेक्सिन हे औषध याच रेणूवरून आलं. पहिल्या प्रकल्पाला मी अडुळसाच सुचवेन.