पहिल्या पावसाचा रस्ता की सुटी खडी?

घाटात बाइकवाल्याला दोन्ही भेटतात: जूनच्या पहिल्या सरीने ओला झालेला डांबरी रस्ता आणि वळणावर पसरलेली सुटी खडी. मला विचाराल तर खडी परवडली. ती निदान दिसते तरी. पहिल्या पावसात उन्हाळाभर साचलेलं ऑइल, धूळ नि टायरचं रबर पाण्याबरोबर वर येतं आणि रस्ता नुसता काळा, चकचकीत दिसतो. दणकून पाऊस झाला की हा थर बराचसा धुऊन जातो. तोवर टपरीवर चहा घ्यावा हे उत्तम.

ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक सोडायचा नाही, फक्त हळूहळू दाबत न्यायचा. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि गटारांच्या झाकणांवर तर ब्रेक दाबायचाच नाही. खडीवर मात्र वेग अलीकडेच कमी करायचा, गाडी शक्य तितकी सरळ ठेवायची, हँडल आवळायचं नाही. ब्रेक लागलाच तर मागचा, तोही जपून.

२०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं तंत्र, सक्तीचं आहे. ओल्या डांबरावर ते वाचवतं. खडीवर मात्र त्यानेच थांबायचं अंतर वाढू शकतं.