सीपी-सॅट : उत्तर झकास, नकार मात्र मुका

ओआर-टूल्स या गूगलच्या मोफत सॉफ्टवेअर संचातला सीपी-सॅट सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या सगळ्या अटी पाळणारं उत्तर शोधणारा प्रोग्रॅम, गेले काही महिने शाळेच्या वेळापत्रकासाठी वापरतो आहे. इन्स्टॉल कसं करायचं, बूलियन चल (0 किंवा 1 एवढीच किंमत घेणारा) म्हणजे काय, हे सगळीकडे मिळतं, त्यामुळे थेट तक्रारीवर येतो. मॉडेल, म्हणजे आपण लिहिलेल्या अटींचा संच, जमत नसेल तर हा सॉल्व्हर ‘इन्फीजिबल’ (अशक्य) एवढं म्हणून गप्प बसतो. का जमत नाही, हे विचारल्याशिवाय सांगत नाही आणि विचारण्याची पद्धत सरळ नाही.

उदाहरण म्हणून 14 तुकड्या, प्रत्येकीला 9 विषय आणि आठवड्याच्या 48 तासिका घ्या. तुकडी-विषय-तासिका अशा प्रत्येक मेळाला एक बूलियन दिला की 6,048 चल होतात. सीपी-सॅटला हा आकडा किरकोळ आहे. एका तुकडीला एका तासिकेत नेमका एक विषय, एका शिक्षकाकडे एका वेळी जास्तीत जास्त एक तुकडी, प्रत्येक विषयाच्या तासिका ठरलेल्या, एवढ्यावर सांगाडा उभा राहतो.

आता मैदान. शाळेला ते एकच आणि पीटी प्रत्येक तुकडीला आठवड्यातून 4 वेळा. चौदा चोक छप्पन्न, तासिका 48. हे बसणारच नाही. सॉल्व्हरला ते लगेच कळतंही, कारण तो आतल्या आत रेषीय शिथिलीकरणही (चलांना अपूर्णांक चालतील असं धरून केलेली सोपी आवृत्ती) सोडवतो. फक्त खरं-खोटं असा तर्क करणाऱ्या नुसत्या सॅट सॉल्व्हरची अशा मोजणीत दमछाक होते. पण कळलेलं तो सांगत नाही. शिक्षक कमी पडले, प्रयोगशाळा अडली की कुठे एक आकडा चुकीचा टाइप झाला, शोधत बसा.

अधिकृत उपाय असा. संशयातल्या प्रत्येक नियमाला एक बूलियन द्यायचा, ‘ओन्ली एन्फोर्स इफ’ने नियम त्याला बांधायचा (बूलियन 1 असेल तरच नियम लागू) आणि हे सगळे बूलियन ‘ॲड असम्प्शन्स’मध्ये टाकायचे, म्हणजे ते 1 आहेत असं धरायला सांगायचं. इन्फीजिबल आलं की ‘सफिशियंट असम्प्शन्स फॉर इन्फीजिबिलिटी’ भांडणाऱ्या नियमांचे क्रमांक देतं. नावं देत नाही, म्हणून बूलियन बनवतानाच क्रमांकासमोर ‘मैदान’, ‘8-ब पीटी’ अशी डिक्शनरी भरून ठेवा. वर्कर (समांतर शोधणारे थ्रेड) 1 ठेवा आणि प्रीसॉल्व्ह (शोधाआधी मॉडेल सोपं करण्याची पायरी) बंद करा. यादीतले अनावश्यक नियम छाटले जातात ते एकाच थ्रेडवर, तेही विरोध प्रीसॉल्व्हमध्येच सापडला नसेल तर. जुन्या आवृत्त्यांत ‘ॲड एक्झॅक्टली वन’ला असा बूलियन बांधता येत नाही, तिथे ‘बेरीज बरोबर 1’ अशी रेषीय अट लिहा.

यात एक मेख आहे. बूलियनला बांधलेल्या अटी नेहमीच्या सेटिंगमध्ये रेषीय शिथिलीकरणात जात नाहीत, त्यामुळे आधी क्षणात कळणाऱ्या विरोधासाठी शोध खूप लांबू शकतो. म्हणून प्रत्येक तुकडीच्या एकूण पीटीसाठी वेगळा इंटिजर चल करा, ‘किमान 4’ ही अट त्यावर लावा आणि मैदानाच्या बूलियनखाली ‘या सगळ्यांची बेरीज 48 पर्यंत’ अशी जादा अट घाला. गणिताच्या दृष्टीने ती अनावश्यक आहे, पण विरोध त्या एका ओळीत उघडा पडतो.

तरीही मिळालेली यादी नीट वाचा. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे 12 तुकड्या बरोबर बसतात. विरोध सिद्ध करायला मैदान आणि कोणत्याही 13 तुकड्या पुरतात, त्यामुळे पूर्ण छाटलेल्या यादीत चौदावी, समजा 10-अ, नसतेच. मुख्याध्यापक विचारणार, “मग 10-अचं कसं जमतं?” जमत तिचंही नाही, पुराव्यासाठी तिची गरज लागली नाही, एवढंच. शिवाय एका वेळी एकच भांडण दिसतं. मैदान मिटवलं की मागून प्रयोगशाळा उभी.

नंतरची भर, कारण मत बदललं आहे. वरचा खटाटोप मी आता क्वचितच करतो. मैदानाच्या अटीत ‘जास्तीत जास्त 1’च्या जागी ‘जास्तीत जास्त 1 अधिक ढिलाई’ लिहितो. ढिलाई दर तासिकेला 0 किंवा 1, आणि सगळ्या ढिलायांची बेरीज किमान करायची. उत्तर येतं 8, म्हणजे 56 वजा 48, आणि त्या आठ तासिका कोणत्या तेही समोर दिसतं. आता बोलता येतं : आठ वेळा दोन तुकड्या एकत्र मैदानावर न्या, नाहीतर आठ तुकड्यांची एकेक पीटी कमी करा. प्रयोगशाळेची तूटही त्याच उत्तरात मोजून मिळते. ढिलाई फक्त जिथे माणसं तडजोड करू शकतात तिथेच द्या. एक शिक्षक दोन वर्गांत उभा राहू शकत नाही, ती अट कडकच हवी. पहिल्या अनुभवावर मी याला पाचपैकी दोन दिले असते, आता चार देतो. अपाचे 2.0 परवान्याखाली फुकट मिळतं आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मागत नाही, हेही त्यात धरलं आहे.

सगळ्या अटींत पूर्णांकच लागतात. अर्धी तासिका असेल तर सगळं दुप्पट करा, पण अवाढव्य गुणक लावू नका. 64 बिटांत बेरीज मावली नाही तर ‘मॉडेल इनव्हॅलिड’ येतं. वेळमर्यादा संपून ‘अननोन’ आलं तर त्याला इन्फीजिबल समजू नका. त्याचा अर्थ उत्तरही सापडलं नाही आणि नकारही सिद्ध झाला नाही.

वर्षाच्या मध्ये शिक्षक बदलले तर नुसतं पुन्हा चालवू नका. अनेक वर्कर असताना त्याच माहितीवरही दर वेळी वेगळं वेळापत्रक येऊ शकतं आणि अख्खी शाळा ढवळून निघते. ‘ॲड हिंट’ने जुनं वेळापत्रक दिलं तरी ती नुसती सूचना असते, बंधन नाही. जुन्या जागेवरून हललेल्या प्रत्येक तासिकेला उद्दिष्टात (किमान करायच्या बेरजेत) 1 दंड लावा आणि मैदानाच्या ढिलाईला 20. मग जेवढं हलवणं भाग आहे, साधारण तेवढंच हलतं.