माजी प्राचार्यांचा कागदपत्र-संग्रह: दोन दिवसांचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माजी प्राचार्यांचे खासगी आणि कार्यालयीन कागद अभ्यासकांसाठी खुले आहेत. तेथे मी दोन दिवस बसून काम केले. मुंबई विद्यापीठाशी झालेला पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, वसतिगृहाचे हिशेब आणि घरून आलेली आंतर्देशीय पत्रे प्राचार्यांनी ज्या क्रमाने ठेवली होती त्याच क्रमाने राखली आहेत, हे मला विशेष मोलाचे वाटले. कारण अनुदानाच्या तगाद्याशेजारीच कलमांच्या मोहराची विचारपूस निघते आणि पद व माणूस एकत्र दिसतात. (विषयवार लावण्याच्या हौसेने असे किती संग्रह विस्कटले असतील!) सूची नेटकी आहे.

जतनाबाबत मात्र माझी तक्रार आहे. कोकणात पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, टाचण्या गंजून कागदाला भोके पडतात, बुरशी आणि कसर लागते. तरीही कित्येक फायलींतील टाचण्या तशाच असून काही कागद आम्लरहित (कागद पिवळा, ठिसूळ करणारे आम्ल नसलेल्या) पाकिटांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडले आहेत. छायाप्रतींना मनाई आहे, मोबाइलने छायाचित्रे घेण्यास अर्जावर परवानगी मिळते. दिवाळीनंतर जावे, आणि दुपारी एक ते दोन वाचनकक्ष बंद असतो हे ध्यानात ठेवावे.